कुठला मारवा? : ख्यालगायनाची खासगी ध्वनिमुद्रणं आणि त्यांची देवाणघेवाण

दोन गाणंवेडे भेटले की बोलणं रागाच्या नावावर फार वेळ रेंगाळत नाही, ते लगेच ‘कुठला?’वर येऊन ठेपतं. अमीर खाँचा मारवा म्हणतोस, तो कुठला? एलपीवरचा की मैफलीतला? मैफलीतला असेल तर तबल्याला कोण होतं? बाहेरच्या माणसाला हा निव्वळ हट्ट वाटेल. ख्यालाच्या बाबतीत मात्र यापेक्षा मूलभूत प्रश्न नाही. चित्रपटगीताची एक ठरलेली प्रत असते आणि सगळे तीच ऐकतात. ख्यालाला अशी प्रतच नसते. राग तोच, बंदिश तीच, गाणाराही तोच. पण त्या संध्याकाळी गळा कसा होता, तंबोरे कसे जुळले होते, ठेका कोण धरत होतं आणि समोर कोण बसलं होतं, यातून जे गाणं उभं राहतं ते त्या दिवसापुरतंच असतं. ते कुणी टिपून ठेवलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्या फक्त आठवणी उरतात.

म्हणून आवडत्या मैफलींचं रेकॉर्डिंग जपणं आणि एकमेकांना ऐकवणं याला छंद म्हणून बाजूला सारता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ख्यालगायनाचा फार मोठा भाग आज आपण ऐकू शकतो, तो अशा खासगी संग्राहकांच्या जिवावर. या देवाणघेवाणीनं गाण्याला काय दिलं, कुठे नुकसान केलं आणि आता तिला कोणत्या शिस्तीची गरज आहे, हे एकदा नीट तपासायला हवं.

सुरुवात तबकडीपासून. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी गौहरजानचं गाणं मुद्रित केलं आणि हिंदुस्थानी संगीत विकत घेऊन घरी नेता येऊ लागलं. पुढे रूढ झालेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. अब्दुल करीम खाँची झिंझोटी किंवा भैरवी ऐकताना एवढ्या वेळात सूर किती खोल उतरू शकतो ते कळतं, आणि त्या तबकड्यांची थोरवी कुणी नाकारणार नाही. पण त्यात बढत नाही. सावकाश उलगडत जाणारा विलंबित ख्याल त्या काळ्या चकतीत बसणं शक्यच नव्हतं. बालगंधर्वांच्या बाबतीतही तेच. वन्स मोअर घेत एकेक पद रंगभूमीवर किती लांबत असे याच्या आठवणी मराठीत भरपूर आहेत, पण आपल्या कानांना मिळतात त्या आटोपशीर तबकड्या. अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्या बाबतीत तर तेवढंही नाही. एक १९४६ साली गेले, दुसरे १९२२ साली. महाराष्ट्रातल्या गाण्याची दिशा ज्यांनी ठरवली अशा या दोघांचं गाणं आपल्याला शिष्यांच्या गळ्यातूनच ओळखावं लागतं.

तरीही ऐकवण्या-ऐकण्याच्या या साखळीची ताकद तबकडीच्याच काळात दिसली होती. दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून भीमसेन जोशी कोवळ्या वयात गुरूच्या शोधात घरातून निघाले. लहानगे कुमार गंधर्व थोरांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत. एकानं दुसऱ्याला ऐकवलेल्या गाण्यातून तिसरा गवई घडतो, याची याहून मोठी उदाहरणं शोधायला नकोत.

आकाशवाणीनं १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री दीड तास एकाच कलावंताला मिळू लागला आणि लांब गाणं प्रथमच गावोगाव पोहोचलं. रेडिओसमोर टेपरेकॉर्डरचा माईक धरून हे कार्यक्रम टिपून ठेवणारे श्रोते पुढे निघाले. त्या फितींवर गाण्यासोबत निवेदकाचा आवाजही येतो. संशोधकाला या निवेदनाची किंमत विचारा! राग, ताल, साथीदार सगळं तिथेच सांगितलेलं असतं. खासगी मैफलीच्या फितीला हे भाग्य क्वचितच लाभतं.

खरा बदल घडवला तो स्पूलच्या टेपरेकॉर्डरनं. पन्नाशी-साठीच्या दशकांत हे जड यंत्र परदेशातून यायचं, महाग असायचं, आणि ज्याच्याकडे असे त्याला संगीत मंडळांत वेगळाच मान होता. गिरगावातल्या लक्ष्मीबागेसारखी सभागृहं, कोल्हापूरचा १८८३ साली स्थापन झालेला देवल क्लब, पुण्यातले वाडे, गोव्यातल्या देवळांचे उत्सव आणि असंख्य दिवाणखाने हे त्या काळच्या गाण्याचं खरं घर होतं. पन्नास-साठ माणसं, माईक लागला तर एखादा, समोरच बसलेले जाणकार. अशा ठिकाणी गवई वेगळंच गातो. त्याला वेळेचं बंधन नसतं. एखादी जागा मनासारखी आली की तो तिथेच घोटाळतो, कुणीतरी दाद देतं, त्या दादेवर तो आणखी एक वळण घेतो. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळत असल्यानं स्टुडिओत गवई मनातल्या मनात घड्याळ बघत गातो. ज्यांनी एलपी आणि मैफल दोन्ही ऐकलंय त्यांना हा फरक पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो. मला तर मल्लिकार्जुन मन्सूर मैफलीतच पूर्ण भेटतात. अप्रचलित राग ते ज्या सहजपणे उचलतात आणि श्वासही न घेता तानेतून तानेत जातात, त्याला समोर बसलेल्या माणसांची ऊब लागत असावी.

फीतही महाग होती. सात इंची स्पूलवरची १२०० फुटांची फीत सेकंदाला साडेसात इंच वेगानं एका बाजूला अर्धा तास चाले. वेग निम्मा केला की तासभर. वेग कमी केला तर आवाजातला तजेला, तंबोऱ्याची जव्हारी थोडी बोथट होते. तरीही बहुतेकांनी कमी वेगच निवडला, कारण रंगलेलं गाणं अर्ध्यावर तुटू देणं त्यांना मंजूर नव्हतं. आज ही मुद्रणं ऐकताना वरच्या पट्टीतला आवाज जरा दबलेला वाटतो, त्यामागे कुणाची तरी ही निवड आहे, आणि ती योग्यच होती.

फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली. आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात ती घराघरांत पोहोचली. आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणलेल्या टू-इन-वनचा त्यात मोठा वाटा होता. आता रेकॉर्डिंग करायला श्रीमंती लागत नव्हती, आणि दोन डेकचं यंत्र असलं की प्रत काढणंही हातचा मळ झालं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. द्रुत बंदिश सुरू होते न होते तोच खट् असा आवाज यायचा. बाजू पालटेपर्यंत एक-दोन आवर्तनं निसटून जायची. अनेक मैफलींतली ती आवर्तनं कायमची गेली. दुसरं नुकसान प्रतीच्या प्रतीचं. मूळ स्पूलवरून एक, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. दरवेळी खरखर वाढे आणि गाणं एक पाऊल मागे सरके. पाचव्या-सहाव्या प्रतीतल्या गाण्यावर जीव ओवाळून टाकणारी पिढी महाराष्ट्रात होऊन गेली, आणि त्या खरखरीतून षड्ज नेमका ओळखणारे तिचे कान तयार झाले होते.

याच काळात काही छोट्या प्रकाशकांनी मोठ्या कंपन्यांना न सुचलेलं काम केलं. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसनं ज्येष्ठ गायकांची शास्त्रीय गायनाची मुद्रणं रीतसर प्रकाशित केली. कर्वे रस्त्यावरचं ते दुकान विक्रीपुरतं नव्हतं. काय ऐकावं हे तिथे ऐकायला मिळायचं.

या देवाणघेवाणीचे काही अलिखित नियम होते. एक द्या, एक घ्या. ज्याच्याकडून मिळालं त्याला न विचारता तिसऱ्याला द्यायचं नाही. कलावंत हयात असताना अमुक मैफल बाहेर जाऊ द्यायची नाही. विक्री तर कधीच नाही. यातले बरेच नियम सभ्य होते. पण त्यांच्या आडोशाला एक वाईट सवयही वाढली, ती दडवून ठेवण्याची. दुर्मीळ मुद्रण आपल्याच कपाटात आहे याचा अभिमान बाळगायचा, फार आग्रह झाला तर पाच मिनिटं ऐकवायचं, प्रत देताना शेवटचा भाग कापून द्यायचा. असे संग्राहक गेले की घर आवरताना पेटारे रद्दीत जातात. मला दडवणाऱ्याचा दोष वाटेल तसं पसरवणाऱ्याच्या दोषापेक्षा मोठा वाटतो. पसरलेलं गाणं निदान कुठेतरी सापडतं.

या मुद्रणांनी गाण्याच्या इतिहासाचा नकाशाच बदलला. तबकड्या आणि एलपींवरूनच निर्णय द्यायचा असता, तर आग्रा घराण्याचे शराफत हुसेन खाँ पुढच्या पिढ्यांना जवळपास अपरिचित राहिले असते. १९८५ साली ते गेले तेव्हा बाजारात त्यांचं फारसं काही नव्हतं; आज त्यांच्या नावानं जीव टाकणारे तरुण श्रोते आहेत ते आकाशवाणीच्या आणि खासगी मैफलींच्या मुद्रणांमुळे. तीन घराण्यांची विद्या पचवलेल्या गजाननबुवा जोशींचंही तेच. १९७४ साली अपघातात गेलेल्या अमीर खाँच्या प्रकाशित एलपी मोजक्या, आणि त्यांच्या विलंबिताचा खरा विस्तार समजायचा तर मैफलींकडेच वळावं लागतं.

आणखी एक गोष्ट या फितींत जपली गेली आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही : रात्र. सवाई गंधर्वांच्या स्मृतिप्रीत्यर्थ पुण्यात १९५३ साली सुरू झालेला महोत्सव कित्येक वर्षं रात्रभर चाले आणि पहाटेनंतर भीमसेनजींच्या गाण्यानं संपे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आणि त्यांची पुढे झालेली अंमलबजावणी यांमुळे उघड्या मंडपातले ध्वनिवर्धक रात्री दहानंतर बंद झाले. नियमामागचं कारण रास्त आहे. पण त्यासोबत मध्यरात्रीनंतरचा अडाणा, उत्तररात्रीची सोहनी, उजाडता उजाडता येणारा ललत आपापल्या वेळी समोर बसून ऐकणं जवळजवळ संपलं. जागरणानं जड झालेला गळा हळूहळू मोकळा होत जातो, श्रोत्यांची पेंग उडते आणि पहिली दाद येते. हे सारं आता जुन्या मुद्रणांतच सापडेल.

शिकणाऱ्यांवर या साऱ्याचा परिणाम दुहेरी आहे. पूर्वी गुरूकडे वर्षानुवर्षं सेवा करून एखादी चीज मिळे. आज दुसऱ्या घराण्याचा राग कसा मांडला जातो हे विद्यार्थी संध्याकाळच्या संध्याकाळी चार गवयांकडून ऐकू शकतो. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’सारखा ग्रंथ वाचताना हाताशी ही मुद्रणं असली तर घराण्यांचे भेद शब्दांतून कानात उतरतात. उलट बाजूही आहे. लागलेल्या मैफलीतली एखादी तान पाठ करून तशीच्या तशी मांडणारे तरुण गायक व्यासपीठांवर दिसतात. मूळ गवयाला ती तान त्या क्षणी सुचली होती. मागे अर्धा तास बांधत आणलेला विचार होता. तो विचार घोटवून घेणारा गुरू नसेल तर मुद्रण फक्त नक्कल शिकवतं.

आता चुकांविषयी थोडं सविस्तर, कारण इथेच सर्वांत जास्त काम बाकी आहे. पहिली चूक पट्टीची. फिरत्या यंत्राच्या बॅटऱ्या मैफलीच्या मध्यावर उतरू लागल्या की फीत सावकाश सरकते. नंतर ती नेहमीच्या वेगानं वाजवली की गवयाचा षड्ज शेवटाकडे वर चढत जातो आणि लय धावल्यासारखी वाटते. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला तरी पट्टी अर्ध्या सुरानं बदलते. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. आवाजाचा पोतही बदलतो. अशा चुकीच्या वेगातल्या मुद्रणांवरून ‘तरुणपणी बुवांचा आवाज किती पातळ होता’ असे निष्कर्ष काढले जातात. दुरुस्ती अशक्य नाही. गवई सहसा कुठल्या पट्टीत गात असे हे ठाऊक असतं, आणि अनेक फितींवर विजेची बारीक घुरघुर असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्या घुरघुरीवरून मूळ वेग काढता येतो. हे काम करायला संगीताचा कान आणि तंत्राची समज दोन्ही लागतं.

दुसरी चूक माहितीची. ‘खासगी मैफल, मुंबई, साठचं दशक’ एवढ्यावर शेकडो मुद्रणं फिरतात. जोडरागांची नावं चुकतात, एकाच मैफलीचे दोन तुकडे वेगवेगळ्या सालांनी नोंदले जातात, शिष्याचं गाणं गुरूच्या नावावर जातं. आणि साथीदार! तबलजी आणि पेटीवाले यांच्यावर झालेला अन्याय मला सर्वांत जास्त टोचतो. गवयाच्या विलंबित लयीला तासभर तोल देणारा माणूस, त्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहायला कुणाला अर्धं मिनिट मिळालं नाही. आज त्या हाताचा ठेका ओळखू शकतील अशी वयस्क माणसं थोडी उरली आहेत. त्यांना ही मुद्रणं ऐकवून नावं नोंदवण्याचं काम थांबता कामा नये.

संमतीचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. केसरबाई केरकरांचा ध्वनिमुद्रणाविषयीचा कडवेपणा गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांत सर्वश्रुत होता. आपली विद्या कुणी चोरून नेऊ नये, आणि बेताचं लागलेलं गाणं आपल्या नावानं फिरू नये, या दोन्ही भीती त्यात होत्या. दोन्ही खऱ्या होत्या. कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन सादरकर्त्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाले. त्यांची मुदत १९९९ साली २५ वरून ५० वर्षं झाली, आणि ती सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून मोजली जाते. स्वतःपुरतं, किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेलं मुद्रण या हक्काचा भंग ठरत नाही. ते सर्वांसाठी खुलं करणं, विकणं, त्यावर जाहिराती लावणं ही निराळी गोष्ट, त्याला परवानगी हवी. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे तबकड्यांचा बहुतेक खजिना आता सर्वांचा झाला आहे. कायद्यापलीकडचं एक साधं बंधनही मी मानतो : गवयाचा गळा बसलेल्या दिवसाचं गाणं, कितीही दुर्मीळ असो, गंमत म्हणून फिरवू नये. अभ्यासासाठी ठेवावं.

यावर तोडगा निघू शकतो हे अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदानं दाखवलं. १९८४ साली त्यांनी आपल्या मैफलींत मुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच नेमून दिली. अट एकच, विक्री नाही. त्यांच्या १९७७च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मैफलीचं मुद्रण पुढे अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं. आपले महोत्सव मात्र मुद्रणाला सरसकट मनाई करतात. हरकत नाही, पण मग आयोजकांनी स्वतः उत्तम मुद्रण करून अभ्यासकांना ते ऐकायची सोय करावी.

फोनच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्रत्येक खिशात मुद्रणयंत्र आहे, प्रत्येक मैफलीचे तीस सेकंदांचे तुकडे त्याच रात्री फिरतात, आणि त्यांत बहुधा शेवटची तान आणि टाळ्या असतात. तानेपर्यंतचा रस्ता कापला की ख्याल उरत नाही. मात्र याच साधनांनी मोठं कामही झालं आहे. मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांनी एकेका रागावर लिहिताना दुर्मीळ मुद्रणांचे निवडक अंश मुद्द्यागणिक जोडले. मुद्रण कुठलं, त्यात काय ऐकायचं आणि का, हे सांगून दुसऱ्याला ऐकवणं असंच असावं.

संस्थांचं काम आपल्याकडे झालंच नाही असं नाही. दिल्लीची संगीत नाटक अकादमी, मुंबईचं एनसीपीए, गुरुग्राममधलं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ साली स्थापन झालेलं संगीत अभिलेखागार यांच्याकडे मोठे संग्रह आहेत. सत्यशील देशपांडे यांच्या संवाद फाउंडेशननं वेगवेगळ्या घराण्यांच्या गवयांना बोलतं-गातं करून ठेवलं. तबकड्यांसाठी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं आणि सुरेश चांदवणकर यांनी जी चिकाटी दाखवली तिला तोड नाही. तरी सामान्य श्रोत्याला या भांडारांपर्यंत पोहोचणं अवघड जातं, आणि घराघरांतले संग्रह या भांडारांपर्यंत पोहोचत नाहीत. ही दोन्ही दारं उघडल्याशिवाय महाराष्ट्रातल्या गाण्याचा ध्वनिइतिहास पुरा होणार नाही.

वेळ थोडा आहे. जुन्या अ‍ॅसिटेट फितींना व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की त्या विघटित होत आहेत असं समजावं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यागणिक बुरशी चढते. गुंडाळलेल्या फितीचे थर एकमेकांवर उमटतात आणि गाणं सुरू होण्याआधीच त्याची अस्पष्ट सावली ऐकू येते. फीत धड असली तरी ती वाजवणारं सुस्थितीतलं यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत.

तेव्हा तुमच्या घरी, आजोबांच्या कपाटात, मामाच्या माळ्यावर अशी स्पूल किंवा कॅसेट असेल तर ती स्वतः वाजवून बघू नका. आधी पुठ्ठ्यावर जे काही लिहिलं असेल त्याचा फोटो काढा, घरातल्या ज्येष्ठांना गवई, जागा, साल आणि साथीदार विचारून लिहून ठेवा. मग जाणकाराकडून फीत संगणकावर घ्या. एमपी३ नको, २४ बिटांची वेव्ह फाइल करून घ्या आणि मूळ फीत फेकू नका. एक प्रत एखाद्या अभिलेखागाराला द्या, एक त्या कलावंताच्या घरच्यांना किंवा शिष्यांना द्या. मग खुशाल मित्रांना बोलवा आणि ऐकवा, साथीदारांच्या नावांसकट.